पथ्य एकाचे, स्वयंपाक सगळ्यांचा

"डॉक्टर, लो-कार्ब सुरू केलं होतं. तीन आठवडे केलं. मग नाही जमलं."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यानंतरचा माझा प्रश्न ठरलेला असतो. "घरात रात्रीचा स्वयंपाक कोण करतं?" उत्तर येते, "मीच की!" किंवा "मिसेस करते." मग थोडे खोलात शिरले की कळते, त्या तीन आठवड्यांत घरात रोज रात्री दोन स्वयंपाक होत होते. एक मुलांचा आणि सासूबाई-सासऱ्यांचा, दुसरा 'डाएटवाल्याचा'. बदामाचे पीठ आणून त्याची पोळी, फ्लॉवर किसून त्याचा 'भात', शिवाय बाकीच्यांसाठी नेहमीचा वरण-भात-भाजी-पोळी. चौथ्या आठवड्यात पाहुणे आले, कुणी आजारी पडले, ऑफिसात उशीर झाला आणि सगळे बंद पडले.

माझे मत स्पष्ट आहे. लो-कार्ब आहार बहुतेक घरांत मनाच्या कमकुवतपणामुळे सुटत नाही, तो दुसऱ्या स्वयंपाकाच्या थकव्यामुळे सुटतो. म्हणून तुम्हाला हा आहार घ्यायचा असेल, तर पहिला नियम हा ठेवा : घरात स्वयंपाक एकच होईल. बदल होईल तो भाजीच्या कढईच्या आकारात, पोळ्यांच्या संख्येत आणि आधी कुणाचे ताट वाढले जाते यात.

लो-कार्ब म्हणजे किती?

साधारणपणे दिवसभरात १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके म्हणजे लो-कार्ब. २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली गेलात तर तो कीटो आहार. आपण नेहमी किती खातो? आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतीयांना मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. दिवसाला २००० उष्मांक धरले, तर हे ३०० ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे बहुतेकांसाठी कीटोच्या वाटेला न जाताही कमी करायला भरपूर जागा आहे.

लो-कार्ब आहाराच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या सहा महिन्यांत शुगर आणि वजन छान उतरते. वर्षभरानंतर मात्र इतर आहारांच्या तुलनेतला हा फायदा बराच कमी झालेला असतो. त्याचे एक मोठे कारण म्हणजे लोकांना तो आहार पाळत राहता येत नाही. म्हणून 'किती कडक' यापेक्षा 'किती दिवस टिकेल' हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. आणि टिकण्याचा प्रश्न रात्रीच्या जेवणाशी येऊन थांबतो, कारण सगळे घर एकत्र बसते ते याच जेवणाला.

एकाच स्वयंपाकातली दोन ताटे

आता हिशेब करू. आकडे अंदाजे आहेत, तुमच्या घरच्या पोळीच्या आणि वाटीच्या आकाराप्रमाणे थोडे बदलतील.

नेहमीचे ताट : तीन पोळ्या (६० ग्रॅम कर्बोदके), वाटीभर भात (३०), वाटीभर घट्ट वरण (१७), वाटीभर बटाट्याची भाजी (१८). एकूण सुमारे १२५ ग्रॅम. दिवसभराच्या लो-कार्बची मर्यादा एका जेवणातच संपली.

आता बटाट्याऐवजी घरातल्या सगळ्यांसाठी गवारीची भाजी करा आणि काकडीची कोशिंबीर जास्त करा. पथ्य असलेल्याचे ताट असे होईल : एक पोळी (२०), दीड वाटी वरण (२५), दोन वाट्या गवार (१०), कोशिंबीर (५), पेलाभर ताक (५). एकूण सुमारे ६५ ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्मे. मुलांच्या ताटात हेच पदार्थ आहेत, फक्त पोळ्या जास्त आणि भातही आहे. गॅसवर वेगळे भांडे चढले नाही, वेगळे पीठ मळावे लागले नाही.

इथे तीन गैरसमज दूर करतो.

पहिला : "मी पोळी सोडली, भाकरी खातो." ज्वारी-बाजरी चांगलीच आहे, तंतुमय पदार्थ जास्त मिळतात. पण साठेक ग्रॅम पिठाच्या एका जाड भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे दोन पोळ्यांइतकी. दोन भाकऱ्या खाल्ल्या तर चार पोळ्या झाल्या.

दुसरा : "रात्री फक्त भात सोडला." भात सोडून पोळ्या तिनाच्या चार झाल्या, तर तुम्ही काहीच सोडले नाही.

तिसरा : "उपवास आहे, म्हणून हलके खाल्ले." साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदके. उपासाच्या रात्री दाण्याची आमटी, खमंग काकडी, दही आणि थोडीशी भगर हे घरातल्या सगळ्यांना चालेल आणि शुगरही कमी चढवेल.

कढई मोठी घ्या

पोळ्या कमी केल्या की पोट कशाने भरणार? घरोघरी चूक होते ती इथे. पोळ्या तीनवरून एकवर येतात आणि भाजी मात्र पूर्वीइतकीच राहते. पाव किलो भेंडी, चार माणसे! भेंडी परतून निम्मी होते, प्रत्येकाच्या वाट्याला दोन चमचे येतात. साहजिकच रात्री अकराला भूक लागते आणि फरसाणाचा डबा उघडतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. त्यातल्या निम्म्या रात्रीच्या जेवणात धरल्या, तरी चार माणसांसाठी पाऊण ते एक किलो भाजी लागते. भाजी आणि कोशिंबीर मिळून माणशी दोन ते अडीच वाट्या, असा अंदाज ठेवा.

भाजीबरोबर एक प्रथिनांचा पदार्थ रोज हवा. त्यासाठी आपल्या स्वयंपाकात नवे काही आणायची गरज नाही. मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठले किंवा झुणका, चणाडाळ आणि दाणे घातलेली पालकाची पातळ भाजी, मूगडाळ घालून मेथी, दाण्याचा कूट भरलेली वांगी, अंडाकरी, माशाचे कालवण, चिकनचा रस्सा, पनीर परतून. डाळी-कडधान्यांत कर्बोदके असतात, हे खरे. पण त्यांच्याबरोबर प्रथिने आणि तंतुमय पदार्थही येतात, त्यामुळे शुगर सावकाश चढते. चौघांसाठी १०० ग्रॅम बेसनाचे पिठले केले, तर प्रत्येकाला त्यातून १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात. पिठले खाऊन शुगर वाढते ती सहसा त्याच्याबरोबरच्या तीन भाकऱ्यांनी!

भाज्या आणि प्रथिने पोळी-भातापेक्षा महाग पडतात, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी महागड्या 'कीटो' पिठांच्या आणि बिस्किटांच्या विरोधात आहे. तोच पैसा हंगामी पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे आणि अंडी यांवर खर्च करा.

आणखी एक साधी सवय : जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ खा, पोळी किंवा भात नंतर. हा क्रम पाळल्यास जेवणानंतरची शुगर कमी चढते, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. त्याला खर्च शून्य आहे.

स्वयंपाक करणारीच पेशंट असेल तर

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या बायकांची. नवऱ्याला मधुमेह झाला तर त्याचे पथ्य सांभाळायला बायको असते. तिला स्वतःला झाला तर?

अनेक घरांत अजूनही ती सगळ्यांना गरम पोळ्या वाढते आणि शेवटी जेवायला बसते. तेव्हा ताटात काय येते? भाजी संपलेली असते, उसळीचा रस तेवढा उरलेला असतो. उरलेला असतो भात. पोळ्याही दोन उरल्या आहेत, टाकायच्या कशा? म्हणजे ज्या व्यक्तीने कर्बोदके कमी खायची आहेत, तिच्याच वाट्याला रोज रात्री कर्बोदके जातात. मग तपासणीत एचबीए१सी कमी होत नाही आणि आम्ही डॉक्टर मंडळी विचारतो, "ताई, पथ्य पाळत नाही का?" मीही हे विचारले आहे. आता आधी विचारतो, "तुम्ही जेवता कधी, आणि तेव्हा काय उरलेले असते?"

यावर औषध माझ्याकडे नाही, तुमच्या घरात आहे. ताई, तुमची भाजी, उसळ आणि कोशिंबीर आधी एका ताटात काढून झाकून ठेवा. यात स्वार्थ नाही, हा तुमच्या उपचारांचा भाग आहे. पोळ्या जेवणाआधीच करून डब्यात ठेवा, आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसा. पोळ्या मोजून करा, म्हणजे 'उरल्या म्हणून खाल्ल्या' असे होणार नाही. उरलेला भात फ्रिजमध्ये जाऊ द्या. तुमचे पोट म्हणजे उरलेले अन्न ठेवायची जागा नव्हे.

आणि घरातल्या पुरुषांनो, पथ्य तुमचे असेल तर तुमच्या पोळ्या तुम्ही मोजा. "मला वाढल्या म्हणून खाल्ल्या" हे उत्तर दवाखान्यात चालत नाही. भाजी निवडणे, काकडी चोचवणे, कडधान्य भिजत घालणे यासाठी कोणत्याही पदवीची गरज लागत नाही. पथ्य असलेल्या माणसाला "एवढीच? अजून एक घ्या ना" असा पोळीचा आग्रह करू नका. आग्रह करायचाच असेल तर भाजीचा करा.

मुले आणि आजी-आजोबा

पथ्य एकाला आहे म्हणून सगळ्यांचे कार्ब तोडू नका. वाढत्या मुलांना पोळी, भात, फळे लागतात. निरोगी मुलाला लो-कार्ब आहार देण्याचे कारण नाही. मात्र भाजी आणि उसळ जास्त झाल्याचा फायदा त्यांनाही होतो. आजी-आजोबांचे दात आणि भूक पाहा. त्यांचे वजन आधीच कमी असेल तर मऊ वरण-भात त्यांना जरूर द्या, त्यावर तूपही घाला.

हे वाचल्याशिवाय सुरुवात करू नका

तुम्ही इन्सुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेत असाल, तर रात्रीच्या पोळ्या अचानक कमी केल्याने रात्री शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. डोस कमी करावा लागेल का, हे ते ठरवतील. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, गोंधळल्यासारखे होणे ही शुगर कमी झाल्याची लक्षणे आहेत. शक्य असेल तर लगेच ग्लुकोमीटरवर तपासा. ते नसेल तर वाट पाहू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या चालू असताना कीटोसारखा कडक आहार घेतल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर धोका असतो. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काहीही असेल, तर हा आहार स्वतःहून सुरू करू नका.

उद्यापासून काय?

उद्या रात्री फक्त तीन गोष्टी करा. भाजी नेहमीच्या दुप्पट करा. बटाट्याची भाजी असेल तर तिच्याऐवजी दुसरी कोणतीही करा. आणि जिला किंवा ज्याला पथ्य आहे, त्याचे ताट सगळ्यांत आधी वाढा. एक पोळी कमी करायची ती औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलून झाल्यावर.

असे एक महिना करा. जेवणानंतर दोन तासांनी शुगर तपासून वहीत लिहा आणि ती वही पुढच्या भेटीला घेऊन या. येताना जोडीने आलात तर आणखी चांगले, कारण पथ्य एकाचे असले तरी ते टिकवायचे काम घरातल्या सगळ्यांचे आहे.