प्लास्टिकचे गवत आणि दराची पाटी

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा जिल्ह्यात 'गवताला पाणी लागते, त्यापेक्षा प्लास्टिकचे अंथरा' हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. दुभाजक, बागा, 'टर्फ' म्हणून भाड्याने मिळणारी मैदाने असे हे हिरवे प्लास्टिक शहराशहरांत पसरले आहे. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावांनी वेळीच सावध व्हावे.

पाणी वाचवणारे गवत मराठवाड्याला नवे नाही. आपली हरळी उन्हाळ्यात वाळते, पण मुळाशी जिवंत राहते आणि पहिल्या पावसात फुटते. तिच्याखालची माती पाणी जिरवते. प्लास्टिक मात्र कडक उन्हात 60 अंशांच्याही वर तापू शकते. थंड करायचे तर त्यावर पाणीच मारावे लागते! ते झिजले की त्याचे कण गटारात, ओढ्यात, शेतात जातात. टर्फमध्ये भरायच्या प्लास्टिक-रबराच्या दाण्यांची विक्री 2031 पासून बंद करण्याचा नियम युरोपीय संघाने 2023 मध्येच केला. आपण मात्र त्यालाच विकास म्हणतो.

या विकासाची किंमत कोण मोजतो? वाढत्या उष्म्यात पत्र्याखाली राहणारा मजूर. आणि दहा-एक वर्षांनी हे गवत फाटले की ते उचलणारा सफाई कामगार. हे दोघे कोणत्या समाजाचे, हे वाचकांना सांगायला नको.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. मातीच्या मैदानावर वस्तीचे पोर फुकट खेळते. तिथे टर्फ आला की जाळी येते, दिवे येतात आणि तासाचा दर येतो. जातीची पाटी नसते, दराची असते. बाहेर राहणारे पोर मात्र तेच. 1927 साली बाबासाहेबांनी महाडला जो हक्क बजावला, तो सार्वजनिक गोष्ट सर्वांची या तत्त्वाचा होता. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक वापराच्या जागाही आहेत, त्या उगाच नव्हेत.

म्हणून राखीव जागांवर निवडून येणाऱ्या आपल्या नगरसेवकांनी सभागृहात ठामपणे मागावे : सार्वजनिक पैशातून प्लास्टिकचे गवत नको. मैदान मातीचे, कडेला कडुनिंब, आणि फाटक सर्वांना उघडे. हिरवा रंग विकत मिळतो. सावली आणि हक्क मात्र मागूनच घ्यावे लागतात.