स्पंदनांची मक्तेदारी

केंद्र सरकारने २०२२ साली केलेल्या ५-जी लहरींच्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. त्या आकड्याची चर्चा देशभर झाली. परंतु विकत घेतलेली लहर ग्राहकाच्या कानापर्यंत पोचवण्यासाठी प्रत्येक फोनमध्ये जे इवलेसे छानक, म्हणजे फिल्टर, डझनांनी लागतात ते कोण बनवतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. लहर आपली, ती निवडून घेण्याचे साधन मात्र परक्याचे, ही स्थिती दीर्घकाळ परवडणारी नाही.

हवेत एकाच वेळी असंख्य लहरी वाहत असतात. त्यांतून आपल्या कंप्रतेची लहर तेवढी घ्यायची आणि बाकीच्या बाहेर ठेवायच्या, हे छानकाचे काम. ते करणाऱ्या अनुस्पंदकाचे मूळ १८८० सालच्या एका शोधात आहे. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, असे पिएर व झाक क्यूरी या बंधूंना आढळले. उलट, वीज दिली की तोच स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. या दाबविद्युत गुणामुळे रेडिओलहरीचे घन पदार्थातील ध्वनिलहरीत रूपांतर करता येते. सेकंदाला अडीच अब्ज कंपने असलेली, म्हणजे अडीच गिगाहर्ट्‌झची, रेडिओलहर हवेत बारा सेंटिमीटर लांब असते. ॲल्युमिनियम नायट्राइडच्या पापुद्र्यात तिच्याच कंप्रतेची ध्वनिलहर साडेचार मायक्रॉनांहूनही आखूड असते. म्हणूनच छानक तांदळाच्या दाण्याहून लहान करता येतो.

तथापि, कंप्रता जितकी उंच तितका पापुद्रा पातळ, हा निसर्गाचा कठोर नियम आहे. साडेतीन गिगाहर्ट्‌झसाठी त्याची जाडी जेमतेम दीड मायक्रॉन भरते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की स्वर उतरतो. त्याचप्रमाणे वीज पोचवणाऱ्या धातूच्या थराचे वजनही कंप्रता खाली ओढते, आणि पापुद्रा आणखी पातळ करावा लागतो. जाडीत हजारात एक भाग, म्हणजे अणूंच्या काही थरांइतकी, चूक झाली तरी कंप्रता पस्तीस लाख कंपनांनी सरकते. धातूचा थर पातळ करावा तर त्याचा विद्युतरोध वाढतो. क्षेत्रफळ घटल्याने उष्णता एका जागी साचते. आणि उंच स्वरात कंपने लवकर विरतात. आडव्या दिशेने धावणाऱ्या नको त्या लहरींचा उपद्रव वेगळाच. तो टाळण्यासाठी अभियंत्यांनी कोणत्याही दोन बाजू समांतर नसलेला बहुकोन योजला, ही या क्षेत्रातील एक सुंदर युक्ती होय.

पट्ट्याच्या रुंदीचा प्रश्न निराळा आहे. आपल्याकडील ५-जीचा मुख्य पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे जवळपास दहा टक्के रुंद. साध्या ॲल्युमिनियम नायट्राइडचे छानक सहजी तीन-चार टक्केच देतात. त्यात स्कँडियम मिसळल्यास दाबविद्युत परिणाम कित्येक पटींनी वाढतो, हे जपानच्या मोरितो अकियामा यांनी २००९ साली दाखवले. परंतु स्कँडियममुळे स्फटिक मऊ होतो, ध्वनीचा वेग घटतो आणि ऊर्जेची गळती वाढते. प्रत्येक लाभाची किंमत कोठेतरी मोजावी लागते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नाही.

अशा विद्येवर मक्तेदारी निर्माण झाली नसती तरच नवल. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेने या पापुद्र्यांवर १९९० च्या दशकात काम केले. विक्रीयोग्य माल २००१ च्या सुमारास बाजारात आला. पुढे तो व्यवसाय ॲजिलंट, अव्हॅगो आणि आज ब्रॉडकॉम अशा नावांखाली गेला. मालकांची नावे पालटली, ज्ञानाची परंपरा अखंड राहिली. क्वोर्व्हो, स्कायवर्क्स, क्वालकॉम, जपानची मुराता अशी मोजकीच नावे या बाजारात दिसतात. नव्या गड्याची वाट बिकट आहे. अमेरिकेतील अकौस्टिस कंपनीविरुद्ध क्वोर्व्होने केलेल्या दाव्यात, पेटंटांचा भंग व व्यापारी गुपितांची चोरी यांबद्दल चार कोटी डॉलरांच्या आसपास भरपाईचा निर्णय २०२४ साली लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अकौस्टिसने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिकडे चीनने एप्रिल २०२५ मध्ये स्कँडियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रणे घातली. एका दाराला पेटंटांचे कुलूप, दुसऱ्याला कच्च्या मालाचे.

यावर काही जण म्हणतील की, जो देश जी वस्तू स्वस्त बनवतो त्याच्याकडून ती घ्यावी; तुलनात्मक लाभाचा सिद्धांत हेच सांगतो. पण असा लाभ नेहमीच निसर्गदत्त नसतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रेडिओयंत्रांसाठी ब्राझीलच्या क्वार्ट्‌झवर विसंबून राहावे लागले. त्यानंतर तेथील प्रयोगशाळांनी कृत्रिम क्वार्ट्‌झ वाढवण्याची रीत चिकाटीने परिपूर्ण केली, आणि १९५० च्या दशकात कारखान्यांतून त्याचे उत्पादन होऊ लागले. जे भूगर्भाने दिले नाही ते अभ्यासाने मिळवले गेले.

आपण डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ती स्वागतार्हच आहे. परंतु यशाचे मोजमाप केवळ कारखान्यांच्या आकाराने होऊ नये. अनुस्पंदकाला संगणकाच्या आधुनिक चिपइतकी सूक्ष्म रेखाटणी लागत नाही. त्याला लागतो निर्दोष पापुद्रा, आणि तो घालता येणारे अनुभवी हात. असे हात भांडवलाने एका रात्रीत विकत मिळत नाहीत. ते चुका करत, त्या सुधारत, वर्षानुवर्षे घडतात. आपली पाटी कोरी नाही. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर संशोधन करणारी सी-मेट ही संस्था आहे. दिल्लीच्या आयआयटीत पृष्ठीय ध्वनिलहरींच्या साधनांवर काम झाले आहे. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल चिखलात स्कँडियमचा अल्प अंश असतो, आणि बॉक्साइट तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही आहे.

म्हणून मागणी माफक आहे. पातळ थरांच्या दोन-तीन सार्वजनिक प्रयोगशाळा उभाराव्यात. त्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना व लहान उद्योजकांना खुल्या ठेवाव्यात. आणि त्यांना निदान पंधरा वर्षांच्या निधीची हमी द्यावी. आज रुळलेल्या पट्ट्यांत ब्रॉडकॉमशी झुंज घेणे शहाणपणाचे नाही. परंतु २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेपुढे ७ ते १५ गिगाहर्ट्‌झमधील काही पट्ट्यांचा विषय आहे. तेथे पापुद्रा मायक्रॉनच्या अंशावर येतो आणि प्रस्थापितांचेही जुने आराखडे अपुरे पडू लागतात. शर्यत जेथे नव्याने सुरू होते तेथेच उशिरा आलेल्याला संधी असते. पुढच्या लहरींचा लिलाव होईल तेव्हा तिजोरीत किती कोटी आले हे सरकार सांगेलच. त्या लहरी निवडून घेणारे किती हात आपण तयार केले, याचाही हिशेब त्याच दिवशी मागितला गेला पाहिजे.