पश्चात्ताप झाला, पण परत काय केलें?

नाटकांत किंवा कीर्तनांत पाप्याच्या पश्चात्तापाची गोष्ट लागली कीं आपण डोळ्यांना पदर लावतों. दुष्टानें चार आसवें गाळलीं, देवाचें नांव घेतलें, कीं झाला तो साधु! ज्याला त्यानें नागविलें त्याचें पुढें काय झालें, हें विचारावयास कोणी उठत नाहीं. आम्ही तें विचारणार आहों.

गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. सुधाकर वकील दारूपायीं घर बुडवितो, त्याच्या हातून तान्हें पोर मरतें, बायकोचाहि जीव जातो. सिंधू मरतां मरतां त्याला पाठीशीं घालते. आणि हा विष घेऊन मोकळा! नाटक जोरकस आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या पश्चात्तापांतून सिंधूच्या पदरांत काय पडलें? कांहीं नाहीं.

आतां रशियाकडे पाहा. टॉलस्टॉय स्वतः जमीनदार. त्याच्या 'पुनरुत्थान' या १८९९ सालच्या कादंबरींत नेख्ल्यूदोव नांवाचा जमीनदार आपल्या आत्यांच्या घरच्या कात्यूशा या मोलकरणीला फसवितो, शंभर रूबलांची नोट तिच्या हातीं कोंबतो व चालता होतो. पुढें कित्येक वर्षांनीं तो ज्यूरींत बसला असतां तीच पोर खुनाच्या आरोपाखालीं समोर उभी! ज्यूरीच्या निकालांत चार शब्द घालावयाचे राहतात, आणि निरपराध असून तिला चार वर्षें सक्तमजुरी होते.

तो हळहळतो, लग्न करतों म्हणतो. ती मात्र त्याला तोंडावर सुनावते कीं, देहाचा उपभोग तर घेतलास, आतां माझ्याच आधारानें तुला परलोकहि साधावयाचा आहे! शाबास पोरी! शेवटपर्यंत ती त्याच्याशीं लग्न करीत नाहीं. एका राजबंद्याची सोबत पत्करते.

जमिनीचें तसेंच. एका गांवीं तो खंड कमी करतो, पण त्याचें त्यालाच तें अपुरें वाटतें. मग दुसऱ्या गांवीं जमीन कुळांच्या हवालीं करून, खंडाचा पैसा त्यांच्याच सामाईक फंडांत जावा अशी व्यवस्था तो मांडतो. कुळें संशयानें बघतात. धन्याचा यांत कांहीं डाव असावा! यावरून त्यांना कोणी अडाणी म्हणेल. ज्यांच्या बापजाद्यांना १८६१ सालापर्यंत धनी गुराढोरांप्रमाणें विकीत होते, त्यांनीं धन्याच्या एका दिवसाच्या गहिंवराला भुलावें काय? तीं कुळें शहाणीं होतीं!

टॉलस्टॉयनेंहि पुस्तकाचा पैसा स्वतःच्या पेटींत घातला नाहीं. लष्करी चाकरी नाकारल्यामुळें छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथाच्या शेतकऱ्यांना कॅनडास पोंचविण्याकडे त्यानें तो लावला.

आमच्याकडच्या गोष्टींतला सावकार शेवटच्या प्रवेशांत ढसढसा रडतो, गहाणखत मात्र पेटींतच राहतें. यंदा जत्रेंत असा खेळ लागला, तर पडदा पडण्यापूर्वीं उठून विचारा, 'जमीन कोणाच्या नांवें लागली?' मंडळी रागावेल. रागावूं द्या.