अरुंद रुळांचा धडा

यवतमाळहून मूर्तिजापूरला धावणाऱ्या ‘शकुंतला’च्या रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते, मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर लोहमार्गाचे १,६७६. परिणामी वऱ्हाडातील कापूस एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढविल्याशिवाय पुढे जाऊ शकत नसे. अरुंद मार्ग स्वस्त होता, स्थानिक गरजेपुरता सोयीचाही होता. त्याचे मोजमाप मात्र मुख्य मार्गाशी जुळत नव्हते.

दूरसंचाराच्या क्षेत्रात असे मोजमाप ठरविण्याचे काम मानकसंस्था करतात. देशोदेशीच्या सीमेवर तारा पुन्हा उतरवून घ्याव्या लागत, ती अडचण दूर करण्यासाठी १८६५ मध्ये पॅरिस येथे तारसंघ स्थापन झाला. आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ तो हाच. मोबाइलची तपशीलवार मानके १९९८ पासून ‘थ्रीजीपीपी’ हा मानकसंस्थांचा समूह तयार करतो. भारताची ‘टीएसडीएसआय’ ही त्याची एक भागीदार आहे.

हा केवळ अभियंत्यांचा विषय नव्हे. ज्याचे तंत्र मानकात शिरते, त्याला हँडसेटमागे स्वामित्वशुल्क मिळू शकते. ज्याची गरज मानकात नोंदली जात नाही, त्याला इतरांच्या गरजेसाठी घडविलेली यंत्रे विकत घ्यावी लागतात. पाचव्या पिढीच्या ग्रामीण कसोटीत दोन मनोऱ्यांमधील अंतर १,७३२ मीटर धरलेले होते. भारताने आग्रह धरल्यामुळे तीत ६ किलोमीटर अंतराचीही कसोटी आली. झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यात विखुरलेल्या पोडांच्या दृष्टीने या एका कलमाचे मोल मोठे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी आणि ऑनलाइन माहिती पाठविणारा शिक्षक, दोघेही अखेर मनोऱ्याच्या पल्ल्यावरच अवलंबून असतात.

पुढे ‘टीएसडीएसआय’ने हैदराबाद व मद्रास येथील आयआयटींच्या सहभागाने ‘फाइव्हजी-आय’ हे स्वतंत्र मानकच सिद्ध केले आणि दूरसंचार संघाने त्यास मान्यताही दिली. तथापि, जगापेक्षा निराळे मानक स्वीकारल्यास उपकरणे महागतील, असा आक्षेप सेवा कंपन्यांनी घेतला. अखेरीस त्यातील तरतुदी थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घेण्यात आल्या. काहींना ही माघार वाटली. वस्तुतः तीत शहाणपण होते. स्वतंत्र मानक हा नवा अरुंद मार्ग ठरला असता. आपली गरज मुख्य मार्गाच्याच मापात बसविणे अधिक हिताचे.

आता सहाव्या पिढीची मानके आकार घेत आहेत. दूरसंचार संघाची मानकविषयक जागतिक सभा ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरली, हे भूषणावह खरे. परंतु यजमानपदाने मानके ठरत नाहीत. ती वर्षानुवर्षे चालणाऱ्या रुक्ष बैठकांत, कलमागणिक वाद घालून ठरतात. तेथे टिकून बसणारे अभियंते आणि त्यांना पोसणारा निधी हवा. मानक झाले म्हणजे मनोरा उभा राहतो असे नाही, तो सरकारला व कंपन्यांनाच उभारावा लागेल. पण मापच आपल्या गावांसाठी काढलेले नसेल, तर उभारलेला मनोराही पोडापर्यंत पोहोचणार नाही.