‘प्रचंड’ : कारगिलच्या उणिवेवरील उशिराचे उत्तर

कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंग परिसरात हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर शत्रूच्या क्षेपणास्त्राला बळी पडले. त्यातील चौघेही हुतात्मा झाले. आदल्याच दिवशी दोन लढाऊ विमाने गमवावी लागली होती. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरे मोहिमेतून मागे घेण्यात आली आणि विमानांना क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरून मारा करणे भाग पडले. मुळात एमआय-१७ हे वाहतुकीचे यान. रॉकेटे बसवून त्याच्याकडून वेळ निभावून नेली जात होती. एमआय-३५ हे खरे हल्लेखोर हेलिकॉप्टर हाताशी होते, मात्र विरळ हवेत, इतक्या उंचीवर शस्त्रभार घेऊन लढणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ‘ध्रुव’च्या पायावर घडवलेले हलके लढाऊ हेलिकॉप्टर ‘प्रचंड’ याच उणिवेतून आले. कमाल वजन ५.८ टन, दोन ‘शक्ती’ इंजिने, एकामागे एक बसणारे दोन वैमानिक आणि त्यामुळे अरुंद राहिलेले शरीर. २० मिलिमीटरची तोफ वैमानिकाच्या शिरस्त्राणाच्या रोखाने वळते. सोबत ७० मिलिमीटरची रॉकेटे आणि हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे. चाचण्यांदरम्यान ते सियाचीनमधील तळावरही उतरले. पहिले उड्डाण २९ मार्च २०१० रोजी झाले, हवाई दलात प्रवेश मात्र ३ ऑक्टोबर २०२२ रोजी, जोधपूरला. ज्याची निकड युद्धानेच सिद्ध केली होती, त्यासाठी हा विलंब समर्थनीय ठरत नाही.

मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने १५६ ‘प्रचंड’साठी करांव्यतिरिक्त ६२,७०० कोटी रुपयांचे करार केले. त्यांतील ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला मिळणार आहेत. लष्कराचा मोठा वाटा अर्थपूर्ण आहे, कारण निकटच्या हवाई आधारात स्वकीय आणि शत्रू यांच्यातील अंतर कधी काही शे मीटरच असते. तेथे आघाडीवरील तुकडीशी थेट समन्वय यंत्राइतकाच मोलाचा.

प्रश्न उरतो तो पुरवठ्याचा. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर येथील अपघातानंतर ‘ध्रुव’ची उड्डाणे दीर्घकाळ थांबली होती. एकाच घराण्यातील यंत्रणांवर दोन्ही सेनादले विसंबून असताना सुट्या भागांच्या गुणवत्तेतील चूक परवडणारी नाही. करारानुसार नव्या हेलिकॉप्टरांचा पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू होऊन पुढील पाच वर्षे चालेल. तोवर बर्फाळ सीमेवरील भार मोजक्याच ‘प्रचंड’वर राहील.