दप्तर आपले, किल्ली कोणाची?

जुलै २०२५मध्ये नायरा एनर्जी या मुंबईस्थित तेलशुद्धीकरण कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ई-मेल आणि कार्यालयीन संवादाची व्यवस्था अचानक बंद पडली. बिघाड तांत्रिक नव्हता. रशियाच्या रोझनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा असलेल्या या कंपनीवर युरोपीय संघाने १८ जुलै रोजी निर्बंध जाहीर केले आणि मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. परवान्यांचे पैसे आपण पूर्ण भरले आहेत, असे सांगत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली खरी. परंतु दप्तर आपले असले तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते, हे त्यातून उघड झाले.

त्यानंतर स्वदेशी साधनांचा पुरस्कार वाढला, हे साहजिकच होते. सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोकडे वळत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना त्याच कंपनीची कार्यालयीन साधने वापरण्यास सांगितले. परकीय निर्बंधांचा धोका यामुळे कमी होतो, यात शंका नाही. तथापि किल्ली वॉशिंग्टन राज्यातून तामिळनाडूत आली, एवढ्याने ती आपल्या हाती आली असे होत नाही.

मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको. डीटीपीच्या काळात प्रत्येक कंपनीने देवनागरीसाठी आपापली सांकेतिक व्यवस्था योजली. एका फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निव्वळ अगम्य चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१पासून होता, पण त्याचा प्रसार फार उशिरा झाला. परिणामी असंख्य पुस्तके, अहवाल आणि वृत्तपत्रांचे जुने अंक परिवर्तकाविना वाचता येत नाहीत. आणि ते फॉन्ट बव्हंशी स्वदेशीच होते!

म्हणजे साधन निवडताना कंपनीच्या राष्ट्रीयत्वाइतकेच कागदपत्राच्या स्वरूपाला महत्त्व आहे. ओडीएफ या खुल्या स्वरूपाला २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये ३० हजार सरकारी संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे जाहीर केले, तेही त्याच आधारावर. अर्थात त्याच देशातील म्युनिक शहराने खुल्या प्रणालीवर अनेक वर्षे काम करून २०१७मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला, हेही विसरता येत नाही. सवय आणि इतर कार्यालयांशी चालणारी देवाणघेवाण या गोष्टी सोप्या नसतात.

गूगल डॉक्स काय किंवा झोहो रायटर काय, दोन्हींतून दस्तऐवज खुल्या स्वरूपात उतरवून घेता येतो. मात्र कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास आणि कोणाला काय पाहता येईल याचे अधिकार त्यासोबत येत नाहीत. सामूहिक कामात नेमके तेच मोलाचे असते. गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते सचिवाच्या खासगी खात्यात साठत जातात आणि सचिव बदलला की नवी समिती त्याच्याकडे पासवर्ड मागत फिरते. तेथे परकीय निर्बंधांचीही गरज पडत नाही.