‘४के’चा बिल्ला बघून पैसे देताय? जरा थांबा

स्ट्रीमिंग ॲपचा महागडा प्लॅन असो की नवा टीव्ही, हल्ली सगळं ‘४के’ या एका शब्दावर विकलं जातं. माझं मत सरळ आहे: रिझोल्यूशन म्हणजे पिक्चर क्वालिटी नव्हे. टीव्हीवाल्यांना हे फार आधीपासून माहीत आहे.

अमेरिकेचंच उदाहरण घ्या. तिथे एचडी आलं तेव्हा एनबीसी आणि सीबीएस यांनी १०८०आय निवडलं. एबीसी, ईएसपीएन आणि फॉक्स यांनी मात्र ७२०पी. कमी पिक्सेल मुद्दाम का घेतले? १०८०आयमध्ये सेकंदाला ६० वेळा फक्त अर्ध्या ओळी येतात, एकदा विषम, एकदा सम. ७२०पीमध्ये ६० वेळा पूर्ण फ्रेम येते. हिशोब केला तर सेकंदाला साधारण ६.२ कोटी विरुद्ध ५.५ कोटी पिक्सेल, म्हणजे फरक थोडाच. पण सुसाट पळणारा खेळाडू ७२०पीमध्ये स्वच्छ दिसतो. १०८०आयमध्ये त्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसू शकतात.

आता २०२० चा सुपर बोल बघा. फॉक्सने तो ४के एचडीआरमध्ये दाखवला, पण प्रत्यक्ष प्रॉडक्शन झालं १०८०पी एचडीआरमध्ये. नंतर ते ४केपर्यंत अपस्केल केलं. ही शुद्ध फसवणूक म्हणायची का? मला तसं वाटत नाही. ४के म्हणजे १०८०पीच्या चौपट पिक्सेल. कॅमेरे, रिप्ले मशीन, ग्राफिक्स, सगळ्यांनाच तो भार लाइव्ह पेलावा लागतो. त्याउलट एचडीआरचा फायदा लगेच डोळ्यात भरतो. दुपारच्या मॅचला अर्ध्या मैदानावर स्टँडची सावली असते ना? साध्या व्हिडिओत ऊन पांढरंफटक होतं, नाहीतर सावली काळीकुट्ट. एचडीआरमध्ये दोन्हीकडचं दिसतं. माझा आक्षेप बिल्ल्याला आहे, कारण तो यातलं काहीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतोय. तो कमी पडला की ४केमध्येही गवताचा हिरवा चिखल होतो. भरपूर बिटरेटचं १०८०पी त्यापेक्षा कितीतरी छान.

मग आपण काय करायचं? मॅच फोनवरच बघत असाल तर ४केसाठी जादा पैसे आणि डेटा घालवू नका. हातभर अंतरावरच्या सहा इंची स्क्रीनवर तो फरक जवळपास कळतच नाही. टीव्ही घेताना एचडीआर किती चांगलं दिसतं ते दुकानात स्वतः बघा, कारण ब्राइटनेस कमी असलेल्या टीव्हीवर ‘एचडीआर’ हासुद्धा नुसता बिल्लाच ठरतो. आणि गावच्या कबड्डीचा व्हिडिओ काढताना ४के ३० आणि १०८०पी ६० असे दोनच पर्याय असतील, तर मी डोळे झाकून ६० फ्रेम्स घेईन.